गव्हाचा गनिमी कावा

सिलिअ‍ॅक आजाराचे, म्हणजे धान्यातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडी बिघडण्याचे, निदान झाल्यावर डॉक्टरांनी मला गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभरासाठी वर्ज्य केली. रायशी माझी कधी ओळखच नव्हती आणि जव भेटे तो श्रावणी सोमवारच्या शिवामुठीत. उरला गहू; पण ज्या प्रांतात ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राळे आणि राजगिरा इतके दावेदार त्याच्या गादीवर बसायला टपलेले आहेत, तिथे त्याची काय मातब्बरी! या धान्यांनी माझी निराशा केली नाही, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. कणकेला चिवटपणा देणारे ग्लुटेन ज्वारीत नसल्यामुळे भाकरी थापताना कडेने भेगाळते खरी. परंतु पिठाची उकड काढून ते नीट मळले, की तीही वठणीवर येते. येत नाहीत ती माणसे.

गव्हाच्या पाठोपाठ माझी ज्वारी दळू नये, ही विनंती गिरणीवाल्याने अतिशय सहानुभूतीने ऐकली आणि "काका, काळजीच करू नका," असे म्हणून जात्यावर एक जोरदार फुंकर मारली. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, असा नियम आहे. त्यात फुंकरीला किती सूट द्यायची, याविषयी नियमकर्ते मौन बाळगून आहेत. अखेर घरघंटी आली.

पण शत्रू वेषांतरात पटाईत आहे. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, त्यामुळे साध्या वरणाचीही फोडणीपासून झडती घ्यावी लागते. मेतकुटात भाजलेला गहू असतो, भाजणीत तो पुष्कळदा असतोच, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात तर तो साक्षात देवाच्या आश्रयाला जाऊन बसतो. "अरे, शिऱ्यात कुठला आलाय गहू? बारीक रवा आहे," असे मावशींनी मला समजावले. मी त्यांना विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा आजार असलेली मुले सुधारू लागली आणि पाव परतताच पुन्हा आजारी पडली. पुढे १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हावर रीतसर ठपका ठेवला. मावशींनी सारे लक्षपूर्वक ऐकले. "बिचारी पोरं! पण आता युद्ध संपलंय ना? घे थोडासा, वर तूप सोडते," असे म्हणून त्यांनी द्रोण पुढे केला.

शेजारच्या आजी मात्र माझ्यावर प्रसन्न आहेत. बारा महिने भगर, राजगिरा आणि शिंगाड्याचे पीठ खाणारा गृहस्थ परम विष्णुभक्त असणार, अशी त्यांची खात्री आहे, आणि आजारी आतड्यांचे वर्णन करून त्यांचा भक्तिभाव मोडण्याचे धाडस मला होत नाही. घरच्यांना माझ्या ताटाविषयी प्रेम वाटते ते केवळ आषाढी एकादशीला. त्या दिवशी माझ्या भगरीवर सगळ्यांच्या अशा काही उड्या पडतात, की घरातला एकमेव निर्जळी उपवास मला घडतो.