स्नॅपड्रॅगनचं पार्सल

‘‘ए, पार्सल मागच्या लिफ्टनं.’’

हे मला उद्देशून आहे, हे कळायला दोन सेकंद गेले. डोक्यावर हेल्मेट, हातात इडली-वड्याची पिशवी, सांबार सांडू नये म्हणून ती जरा तिरकी धरलेली, आणि अंगात लाल टी-शर्ट. पुण्यात एवढं एकत्र आलं की माणसाचा धंदा ठरतो. बोलणारे होते आमच्या सोसायटीचे चेअरमन. बँकेतून निवृत्त झालेले काका, सकाळी गेटपाशी उभं राहून ये-जा तपासणारे. शेजारी एजन्सीनं नवाच पाठवलेला वॉचमन रजिस्टर उघडून बसला होता. त्यानं माझ्या छातीवरची अक्षरं एकेक जुळवून वाचली. ‘‘स्नॅप... ड्रॅगन. चायनीज का?’’ आणि उत्तराची वाट न बघता ‘कंपनी’च्या रकान्यात लिहूनही टाकलं.

स्नॅपड्रॅगन ही मोबाइलमधली चिप आहे. २०२४-२५ च्या हंगामापासून तिची जाहिरात मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या छातीवर आहे. त्याआधी टीमव्ह्यूअर होतं, त्याआधी शेवरोले. हा संघ २० वेळा इंग्लंडचा विजेता ठरलाय हे मला त्या वॉचमनला सांगायचं होतं. पण तारीख होती २६ मे २०२५, आदल्या रात्रीच हंगाम संपला होता आणि त्या रात्रीचा तक्ता बघितल्यावर ‘चायनीज’ हा आरोप तसा सौम्यच वाटला.

मी हेल्मेट काढलं. काका अजिबात ओशाळले नाहीत.

‘‘अरे, तू होय! मग असले कपडे कशाला घालतोस?’’

‘‘युनायटेडचा आहे काका. फुटबॉल. काल हंगाम संपला.’’

इथं चुकलं. ‘ऊन फार आहे’ म्हणून लिफ्ट गाठायची होती, अगदी मागचीही चालली असती. काकांचा पेपर अजून यायचा होता.

‘‘कितवे आले?’’

‘‘पंधरावे.’’

‘‘कितीत?’’

‘‘विसात.’’

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. जामीनदार नसलेला कर्जाचा अर्ज ते पूर्वी असाच बघत असणार. ‘‘मार्क किती?’’

३८ सामने, जिंकला तर ३ गुण, बरोबरीला १, म्हणजे जास्तीत जास्त ११४. आमचे ४२. ‘‘छत्तीस पॉइंट चौऱ्याऐंशी टक्के,’’ काका मनातल्या मनात भागाकार करून म्हणाले, ‘‘पस्तीसला पास धरतात. पहिला कोण?’’

‘‘लिव्हरपूल. ८४.’’

‘‘बरोब्बर निम्मे.’’

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हंगामभर तक्ता रोज उघडणाऱ्या माणसाला जे दिसलं नाही, ते एका सकाळी, दात घासून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसानं दाखवलं.

‘‘गोल?’’

‘‘४४ केले, ५४ खाल्ले.’’

‘‘जमा चव्वेचाळीस, नावे चोपन्न. दहाची तूट. नापास कोण?’’

शेवटचे तीन खालच्या लीगमध्ये जातात. लेस्टर २५, इप्सविच २२, साउदॅम्प्टन १२. ‘‘म्हणजे सव्वीस मिळाले असते तरी भागलं असतं!’’ काकांचा चेहरा उजळला. ‘‘सोळा तर तुम्ही जास्तीचे कमावलेत.’’ गेल्या नऊ महिन्यांत या संघाबद्दल कुणी काढलेला हा एकमेव चांगला उद्गार. तो ऐकून रडू यायला लागलं.

मग, गप्प बसवत नाही हा चाहत्याचा मूळ रोगच असल्यामुळे, मी स्पर्सचं सांगितलं. टॉटनहॅम हॉटस्पर, ३८ गुण, क्रमांक सतरावा. हंगामात त्यांच्याशी चार वेळा गाठ पडली आणि चारही वेळा आम्ही हरलो.

‘‘सतराव्याकडून? चारदा?’’

‘‘चौथ्यांदा फायनलमध्ये.’’

‘‘फायनल कसली? तू पंधरावा म्हणालास ना?’’

युरोपा लीग ही वेगळी स्पर्धा असते हे समजावण्यात इडली गार झाली. त्या स्पर्धेत युनायटेड फायनलपर्यंत एकही सामना हरला नव्हता. सेमीफायनलमध्ये बिल्बाओच्या संघाला त्यांच्याच मैदानावर ३-० हाणलं. २१ मेची फायनलही त्याच मैदानावर होती, त्यामुळे नाही म्हटलं तरी घरच्यासारखं वाटत होतं. आपल्याकडे मध्यरात्री साडेबारा. बेचाळिसाव्या मिनिटाला एक क्रॉस आला, त्यांचा ब्रेनन जॉन्सन आणि आमचा ल्यूक शॉ यांच्या अंगाला लागून चेंडू लोंबकळत लोंबकळत आत गेला. नक्की कुणाचा म्हणावा असा तो गोल होता. पुढचा पाऊण तास चेंडू आमच्याकडेच. आमच्या हॉयलुंडचं हेडर गोलरेषेवरून त्यांच्या व्हॅन डी व्हेननं हवेत उडी मारून पायानं बाहेर काढलं. १-०. स्पर्सचा १७ वर्षांतला पहिला कप. शिवाय युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची, चॅम्पियन्स लीगची, जागा त्यांना आणि आम्हाला पुढच्या वर्षी युरोपातली कुठलीच स्पर्धा नाही.

काकांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. ‘‘म्हणजे वर्गात सतरावा आलेल्या मुलाला स्कॉलरशिप, आणि परदेशी शिक्षणालाही तोच.’’

‘‘हो.’’

‘‘आणि तू त्याच्या दोन बाकं पुढे बसून रात्रभर जागलास.’’

एकच रात्र असती तर ठीक होतं. इंग्लंडमध्ये रात्री आठला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दीडला लागतो. मार्चअखेर त्यांची घड्याळं तासभर पुढे गेली की साडेबाराला. लीग एका अ‍ॅपवर, युरोपा दुसऱ्यावर, म्हणजे वर्गणी दोनदा. त्यात स्ट्रीम अर्ध्या-पाऊण मिनिटानं मागे असतं, म्हणून सामन्याआधी फोनवरच्या सगळ्या सूचना बंद कराव्या लागतात. नाहीतर इकडे आपला गडी पेनल्टीला चेंडू ठेवत असतो आणि खिशात फोन थरथरतो. फोन दोनदा थरथरला तर ती व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचानं, रद्द केलेली बातमी. १७ एप्रिलला ल्यॉनविरुद्ध जादा वेळेत २-४ असताना मी टीव्ही बंद करणार होतो. ११४व्या, १२०व्या आणि १२१व्या मिनिटाला गोल. ब्रुनो, मेनू, मग्वायर. ५-४. पहाटे सव्वातीनला उशीत तोंड खुपसून ओरडता येतं, पण त्याला थोडा सराव लागतो. हा एक सामना नसता तर मी हा नाद सोडला असता. म्हणजे त्या रात्रीनं माझं नुकसानच केलं.

‘‘पण बिघडलं कशानं?’’ काकांनी विचारलं. खात्यात गडबड दिसली की मुळाशी गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

सांगितलं. जुन्या प्रशिक्षकाला, टेन हागला, उन्हाळ्यात करार वाढवून दिला. त्याच्या पसंतीचे खेळाडू घेतले. मग ९ सामन्यांनंतर चौदाव्या क्रमांकावर असताना २८ ऑक्टोबरला काढून टाकलं. नोव्हेंबरात पोर्तुगालहून रुबेन आमोरिम आला. त्याला खरं तर हंगाम संपल्यावर यायचं होतं. ‘आत्ता नाहीतर कधीच नाही’ असं सांगून आणला. त्याची पद्धत ३-४-२-१. मागे तीन बचावपटू, दोन्ही कडांना एकेक विंगबॅक, मध्ये दोघं, पुढे दोघं, टोकाला एक. आता खरेदी केलेला माल होता चार बचावपटूंच्या पद्धतीचा. विंगबॅक म्हणजे अख्खी कड एकट्यानं सांभाळणारा माणूस, शंभर मीटर वर आणि शंभर मीटर खाली. डाव्या कडेला तसा कुणी नव्हताच, म्हणून उजव्या पायाच्या दालोला तिकडे उभा केला. खरा डावा, दोर्गू, फेब्रुवारीत मिळाला. मधल्या दोघांत कासेमिरो आणि एरिक्सन, दोघंही तेहतिशीचे, आणि समोरचे संघ मध्ये तीन माणसं ठेवतात. तिसरा कायम मोकळा. त्याला धरायला मागचा एक जण पुढे आला की पाठीमागे भगदाड. ते बुजवायला विंगबॅक आत सरकला की पलीकडची कड उघडी. कुठलाही सामना लावा, गोल याच क्रमानं झालेला दिसेल. सराव करून हे सुधारतं म्हणतात. पण गुरुवारी युरोपा, रविवारी लीग, मधले दिवस विमान आणि मालिश. सराव कधी करणार? घरच्या मैदानावर लीगचे ९ सामने हरले.

‘‘नव्या साहेबाचा हिशेब काय?’’

‘‘लीगचे २७ सामने, २७ गुण.’’

‘‘सामन्याला एक. सरळव्याज,’’ काका म्हणाले. ‘‘आणि गोल मारायला कोण ठेवलाय?’’

हॉयलुंड, लीगमध्ये ४ गोल. झर्कझी, ३. दोघांचे मिळून ७. आणि हे सांगताना माझा आवाज चढला, ते मी कबूल करतो. मॅकटॉमिने आमच्याच अकादमीतला, लहानपणापासून आमच्याकडे असलेला. त्याला गेल्या ऑगस्टमध्ये नापोलीला विकला. तो तिकडे गेला, मिडफिल्डमधून १२ गोल केले, शुक्रवारी इटलीचा विजेता झाला आणि तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. शिवाय ८ कोटी पौंडांहून जास्त मोजून घेतलेला अँटनी. तो जानेवारीत स्पेनच्या बेटिसला उसना दिल्याबरोबर खेळायला लागला. आमच्या पिंजऱ्यातून सुटलं की पाखरू गायला लागतं.

‘‘पाठीवर कुणाचं नाव आहे?’’

मी भिंतीला पाठ लावून उभा होतो, ते याच्यासाठीच. रॅशफोर्ड. तोही फेब्रुवारीत अ‍ॅस्टन व्हिला या लीगमधल्याच संघाला उसना गेला. काल शेवटचा सामना त्याच व्हिलाशी होता, २-० जिंकलो. त्यामुळे आमचं काहीही झालं नाही, फक्त व्हिलाची चॅम्पियन्स लीग गोलफरकानं हुकली. हंगामाची एकूण कमाई म्हणजे शेजाऱ्याचं नुकसान. त्यात पाठीवरचं मधलं अक्षर सुटलंय. छापील नावाचा टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात हातानं धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि अक्षरांवर थेट इस्त्री कधीच फिरवायची नाही, खालचा चिकट थर वितळून कडा उचलतात. हे मी दुकानात ऐकून आलो होतो. इस्त्रीवाल्याला सांगायचं राहिलं.

‘‘मालक कोण?’’

इथपर्यंत ही सगळी थट्टा होती. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं हा क्लब जवळजवळ ७९ कोटी पौंडांना घेतला, त्यातला मोठा भाग कर्ज काढून, आणि कर्जाचा बोजा टाकला क्लबवरच. तोवर क्लबवर दमडीचं देणं नव्हतं. काका प्रथमच गंभीर झाले. ‘‘म्हणजे घर घ्यायला काढलेलं कर्ज घरानंच फेडायचं? आणि भाडंही यांनीच खायचं?’’ हो. वीस वर्षं व्याज भरतोय. आता चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त मालकी रॅटक्लिफ नावाच्या अब्जाधीशाकडे आली. त्यानं काटकसर सुरू केली म्हणजे काय, तर शेकडो नोकऱ्या घालवल्या, मँचेस्टरमधल्या कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद केलं, हंगाम निम्मा झालेला असताना तिकीट ६६ पौंड केलं, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही तेवढंच. आपले सात हजारांच्या वर. चार महिन्यांत काढायच्या प्रशिक्षकाला करारवाढ देणारे, पाच महिन्यांत घालवलेल्या क्रीडा संचालकासाठी त्याच्या जुन्या क्लबशी महिनोन्महिने घासाघीस करणारे, हे साहेब लोक, आणि हिशेब जुळवला कुणाच्या ताटातून? कँटीनच्या! जुन्या स्टेडियमचं छत पावसात धबधब्यासारखं गळतं आणि हे एक लाख माणसांच्या नव्या स्टेडियमचं चित्र दाखवतात, तीन खांब आणि वर तंबू. सर्कसच, उगाच वेगळं नाव कशाला द्यायचं!

‘‘हळू बोल,’’ काका म्हणाले, ‘‘लोक झोपलेत. आणि कॅन्टीनचं म्हणशील तर खर्च कमी करायलाच लागतो. आपल्याकडेही मी क्लब हाऊसचा चहा बंद केलाच ना?’’

तो चहा कुणी बंद केला होता, ते मला तेव्हा कळलं.

पेपर आला. काका गेले. जाताना म्हणाले, ‘‘चला, संपलं एकदाचं. आता झोप नीट.’’

संपलं कसलं! फायनल हरून आठवडा व्हायच्या आत संघाला पैशासाठी मलेशियाला नेलं. बुधवारी, २८ तारखेला, क्वालालंपूरमध्ये आग्नेय आशियातल्या खेळाडूंची मोट बांधून केलेल्या एका संघाकडून १-० हरले. स्टेडियममध्ये हुर्यो उडाली. गुरुवारी सकाळी गेटवर काका पेपर घेऊनच उभे होते.

‘‘हंगाम संपला म्हणाला होतास.’’

‘‘मैत्रीपूर्ण सामना होता काका.’’

‘‘मित्रांशीही का?’’

मी साधा पांढरा शर्ट घातला होता. तरी वॉचमननं ओळखलं आणि रजिस्टर पुढे केलं. ‘‘साहेब, सोमवारची तुमची आउटची सही ऱ्हायलीय.’’

पान उघडलं. नावाचा रकाना कोरा. कंपनी : स्नॅपड्रॅगन (चायनीज). आत : ७.४५. बाहेर : काहीच नाही. मी निमूटपणे सही केली.

‘‘वेळ काय टाकू? आत्ताची टाकतो.’’

‘‘आत्ताची नको,’’ काका पेपरातून मान वर न करता म्हणाले. ‘‘पार्सलवाला तीन दिवस आत होता असं दिसेल. ऑडिटला सापडेल.’’