तो आला होता

सकाळपासून डोक्यात नुसता जाळ आहे. ऑफिसात लक्ष लागलं नाही, जेवणाचा डबा तसाच परत आणला. आता लेक झोपली आहे, म्हणून लिहायला बसले.

आज सात-पाचला तिला शाळेत सोडलं. पाऊस होता म्हणून समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली थांबले. शाळेचं गेट सात-दहाला बंद होतं. सात-चौदाला दोन मुलं धावत आली. दहा-अकरा वर्षांची मुलगी आणि तिचा हात धरलेला दुसरीतला भाऊ. त्याच्या अंगात पार घोट्यापर्यंत येणारा रेनकोट, मोठ्या कुणाचा तरी. गेट बंद. मुलीनं गजांतून हात घालून कडी हलवली. आतून उत्तर आलं, "उद्या या."

चार मिनिटं हो. चार मिनिटं!

मी गेले, बोलले. वॉचमन काकांचा यात काही दोष नाही. ते स्वतः खाली मान घालून बोलत होते, त्यांना नोकरी आहे. मग आतून एक मॅडम आल्या. नियम सांगितला. एकाला आत सोडलं की उद्या दहा जण उभे राहतात, म्हणाल्या. पालकांना पाठवा, लेखी द्यायला सांगा. आईचा नंबर त्या पोरीला तोंडपाठ होता. आई सहालाच पहिल्या घरी पोळ्या करायला जाते, दहाच्या आधी फोन उचलत नाही, हेही तिनंच सांगितलं. मॅडम आत गेल्या. आणि तो पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "पण मी आलो होतो ना?"

यावर काय सांगायचं होतं मी त्याला?

माझी फ्रेंडलिस्ट मला माहीत आहे. निम्म्याहून जास्त जण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेले आहात. उशिरा पोचणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातलं. दिवाळी झाली की आई-दादा (दादा म्हणजे माझे वडील) कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे, थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत. मी आजीजवळ. त्या वर्षी फेब्रुवारीतच विहीर आटली आणि टँकर सुरू झाला. टँकर यायचा आणि विहिरीत पाणी ओतायचा. मग जो आधी पोहरा टाकेल त्याचं पाणी. आजीचे गुडघे गेलेले, त्यामुळे दोरी माझ्याच हातात. पुढं सकाळची शाळा सुरू झाली, साडेसातची. टँकर सातलाही यायचा, आठलाही यायचा. दोन हंडे भरून मी शाळेत पोचायचे तेव्हा प्रार्थना, पाढे सगळं झालेलं असायचं. फ्रॉक पुढून ओला.

आमच्या बाई तालुक्याहून पहिल्या एसटीनं यायच्या. स्वतः एक दिवस उशिरा आल्याचं मला आठवत नाही. मी दारात उभी राहिले की त्या फळ्याकडून मान वळवून एवढंच विचारायच्या, "पाणी आलं का गं?"

'उशीर का झाला' असं त्यांनी कधीच विचारलं नाही. मी हो म्हटलं की मान हलवायच्या आणि मी माझ्या जागी जाऊन बसायचे. बस्स. हजेरीपटावर माझ्या नावापुढे त्या सकाळी पेन्सिलीनं टिंब द्यायच्या. मी आले की ते खोडून शाईनं हजेरी. मी आले नाही तरी मधल्या सुट्टीपर्यंत त्या टिंबाला हात लावायच्या नाहीत. पटावर तेवढी जागा माझ्यासाठी राखलेली असायची.

पालकांच्या ग्रुपवर मी दुपारी हे लिहिलं. (मुलांचं नाव, वर्ग काही लिहिलं नाही.) उत्तरं काय आली? "शिस्त लहानपणीच लागते." "आम्ही पण धावपळ करूनच सोडतो." एकानं तर अंगठा दाखवला, शाळेच्या बाजूनं!

शिस्त कुणाला लावताय? सात वर्षांच्या पोराच्या हातात घड्याळ नसतं. तो गजर लावत नाही, गॅस पेटवत नाही, बस पकडत नाही. त्याला मोठं माणूस उठवतं, मोठं माणूस आणतं. उशीर मोठ्यांच्या घरातला, मोठ्यांच्या पोटापाण्यातला, आणि पावसात उभा कोण? शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत पाठवलं नाही तर महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. दंड आई-बापाला. मुलाला नव्हे! शंभर वर्षांहून आधी त्या राजाला जे कळत होतं ते आम्हाला गेटवर कॅमेरे लावूनही कळत नाही.

आणि आणखी एक १ रुपया माझ्या ओळखीचा आहे. १९९२ पासून आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया मिळायचा. उपस्थिती भत्ता. मला मिळायचा तो. आज हसाल तुम्ही १ रुपयाला, पण आजीला कुणी म्हटलं की पोरीला ठेव की घरी, रानात नेऊ खुरपायला, तर ती म्हणायची, "नाय, तिचा रुपया बुडंल." पोरगी शाळेत यावी म्हणून सरकार रोज रुपया मोजत होतं, आणि आलेल्या पोराला आम्ही गेटवरून परत पाठवतो.

बाईंच्या पेन्सिलीची किंमत मला तेव्हा कळत नव्हती. ते टिंब सकाळीच शाईचं झालं असतं, म्हणजे गैरहजेरी लागली असती, तर माझा रुपया गेला असता. आणि दोन-चार वेळा तसं झालं असतं तर मी शाळेकडे फिरकलेच नसते, हे मी आज खात्रीनं सांगते. पाणी भरून झालं की आता कशाला जायचं, नाहीतरी गैरहजेरी लागलीच आहे, असंच म्हटलं असतं मी. पोरं शाळा सोडतात ती अशीच, एकेका सकाळी.

बरं, मान्य. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात दर दोन मिनिटांनी दार वाजत असेल तर शिकवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. आणि रात्री बारापर्यंत मोबाईल बघून सकाळी सावकाश गाडीतून येणारे पालकही आहेत, मी रोज बघते. त्यांना बोलवा, त्यांना सुनवा, मी टाळ्या वाजवीन.

पण लेकराला आत घ्या ना आधी!

शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे. त्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शाळा भरली पाहिजे असं लिहिलंय. म्हणजे दिवसाला चार तास. चार मिनिटं बुडाली म्हणून तुम्ही त्याचे चारही तास बुडवलेत. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मारायला तर बंदी आहेच, मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांना खिडकीतून दिसेल असं गेटबाहेर उभं करणं हा त्रास नाही तर काय आहे? आणि हा पोरगा त्या शाळेत आला तोच या कायद्यानं गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांमधून. बहीण अभिमानानं सांगत होती, "याचा नंबर लागला, माझा नव्हता लागला." ती स्वतः महापालिकेच्या दुपारच्या शाळेत जाते. आज तिचीही शाळा बुडाली. भावाला घरी एकटं कुठं ठेवणार?

मुळात दुसरीच्या मुलांची शाळा सकाळी सात-दहाला कशासाठी? फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण खात्यानं परिपत्रक काढलं की चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवा, मुलांची झोप होत नाही. आमच्याकडे काय सांगतात? बसगाड्यांची अडचण, दोन पाळ्यांची अडचण. शाळेला अडचण असते तेव्हा ती अडचण. पोळ्या लाटायला गेलेल्या बाईला असते तेव्हा तो बेशिस्तपणा.

आणि ती शंभर टक्के उपस्थितीची प्रमाणपत्रं बंद करा एकदाची. गेल्या वर्षी माझी लेक तापानं फणफणलेली, आणि मला म्हणते, "आई, मला जाऊ दे, माझं सर्टिफिकेट जाईल." मी तिला मिठीत धरून बसले आणि रडले. आजारी न पडल्याचं बक्षीस देता का लेकरांना?

खूप चिडून लिहितेय, कळतंय मला. थोडं थांबून पाणी पिऊन आले.

एक गोष्ट सांगायची राहिली. बाई काही मऊ नव्हत्या. एकदा मी खरंच गेले नाही. टँकरच आला नव्हता, आजीला ताप होता. त्या दिवशी बाईंनी गैरहजेरीच लावली, खोटी हजेरी त्यांनी कधीच लावली नाही. पण मधल्या सुट्टीत छत्री घेऊन, उन्हातून आमच्या वस्तीवर आल्या. आजीच्या उशाशी बसल्या, कपाळावर हात ठेवला. जाताना मला म्हणाल्या, "उद्या वाट बघते. कितीही वाजू देत." दुसऱ्या दिवशी मी नऊला पोचले. पटावर पेन्सिलीचं टिंब होतं.

शाळेचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. कमेंटमध्ये विचारू नका. दुपारी त्या मुलांच्या आईशी फोनवर बोलले. मी तक्रार करते म्हटल्यावर ती घाबरली. "नको ताई, त्याला मागं बसवतील. मीच उद्यापासून एक घर सोडते." एक घर सोडते म्हणजे महिन्याचे किती हजार सोडते, ते तिलाच ठाऊक. तिला म्हटलं, घर सोडू नका. माझी लेक त्याच शाळेत जाते, माझी स्कूटी तुमच्या गल्लीच्या तोंडावरूनच जाते. पावणेसातला त्याला खाली उभा करा.

बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, रेनकोट त्याच्या पप्पांचा आहे, लांब आहे. चाकात जाणार नाही एवढं बघा."

लेकीचा गेल्या वर्षीचा रेनकोट आत्ता माळ्यावरून काढून ठेवलाय. गुलाबी आहे. चालेल का त्याला, सकाळी विचारते.