रत्नागिरी दर्शनवाल्यांनो, आधी विचारा तरी आम्ही कुठून आलो

आज सकाळी आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर एक जाहिरात येऊन पडली. "एका दिवसात संपूर्ण रत्नागिरी! ११ पॉईंट! गाइडसह! एक मिनिटही वाया जाणार नाही!" खाली यादी. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नदुर्ग, भगवती मंदिर, दीपगृह, थिबा पॅलेस, टिळक जन्मस्थान, पतितपावन मंदिर, मांडवी, भाट्ये आणि शेवटी मिरकरवाडा बंदर, कंसात "बसमधून". भगवतीचं देऊळ रत्नदुर्गातच आहे, दीपगृह त्याच डोंगराच्या सोंडेवर आहे, पण यादीत पॉईंट तीन. आमच्या बाया मात्र हरखल्या. कापूस वेचून झाला की जाऊ, वर्गणी काढू, ताई तुम्ही बुकिंग करा. भाकरी थापून झाल्या, भांडी झाली, तरी ते "एक मिनिटही वाया जाणार नाही" डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले. लांबेल, आधीच सांगते.

ही असली टूर मी केलेली आहे. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना घेऊन. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर खणली तर खारं, बोअर मारलं तर खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्यावर ओलीत करायला जावं तर जमीन बिघडते. म्हणून काळी कसदार जमीन असून आम्ही आभाळाकडे डोळे लावून बसतो. आता धरणाचं पाणी नळाला येतं, तेही रोज नाही. आत्याबाईंनी तर सगळं तरुणपण गोड्या पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन काढलं. त्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता. संध्याकाळी बडनेऱ्याला गाडीत बसलो, रात्र गाडीत काढली, दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला उतरलो. एवढ्या लांब कशासाठी, तर समुद्रासाठी.

आणि मांडवीला समुद्र दिसला तेव्हा त्या बाईने काय केलं? चपला काढल्या, लुगड्याचा ओचा वर खोचला, घोट्याएवढ्या पाण्यात गेल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, हे तं आपल्या हिरीचंच पानी हाय वो."

मागून शिट्टी वाजली. गाइडची. "मावशी, चला चला, पुढचे पॉईंट राहतील."

झालं. समुद्र संपला.

गाइडला दोष देऊ नका, त्याला वेळेचं बंधन असतं, असं कुणीतरी खाली लिहिणारच. असतं, मान्य. पण मग ज्या काजूच्या दुकानात बस नेऊन उभी केली, तिथे वेळेचं बंधन कुठे गेलं होतं? काजू, कोकम, आंबापोळी, फणसपोळी, सगळं घ्या, सावकाश घ्या, चहा पण घ्या. ज्यांना घ्यायचं नव्हतं त्या बाया बाहेर पायरीवर उन्हात बसून राहिल्या. मांडवीला जेवढा वेळ मिळाला त्याच्या दुप्पट तरी त्या पायरीवर गेला असेल. दुकानदारालाही पोट आहे, गाइडलाही आहे, हेही मला कळतं. मग वाया न जाणारं मिनिट कोणाचं, तेवढं जाहिरातीत लिहा.

माझा खरा राग त्या शिट्टीवरही नाही. सकाळी बसमध्ये बसल्यापासून रात्री उतरेपर्यंत त्या पोराने एकदाही विचारलं नाही की तुम्ही कुठल्या. एकदाही नाही! "हॅलो, आपण आता पोचत आहोत," सुरू. कोल्हापूरची माणसं असोत की पुण्याची की दर्यापूरची, तीच टेप. विचारलं असतं, आत्याबाईंनी सांगितलं असतं खारपाणपट्टा, तर त्याच्याच समुद्राबद्दल त्याला एक गोष्ट कळली असती जी त्याच्या टेपमध्ये नाही.

थिबा पॅलेसचंच घ्या. काय सांगितलं? "हा ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा, इंग्रजांनी त्याला इथे ठेवलं होतं, वर संग्रहालय आहे, फोटो काढून लगेच या." अरे बाबा! १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, सव्वीस वर्षांच्या राजाला बायको-मुलींसकट उचललं आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून टाकलं. दिल्लीच्या बादशहाला नेऊन रंगूनला ठेवलं होतं आणि रंगूनकडच्या राजाला आणलं कोकणात, म्हणजे दोघांनाही आपल्या माणसाचा आवाज ऐकू जायला नको. हा वाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ साली तो राजा इथेच वारला. तीस वर्षं! टेकाडावरून खाली भाट्याची खाडी दिसते, पुढे समुद्र दिसतो. याच पाण्यावरून त्याला आणलं होतं. राजा गेल्यावर राणीला परत जाता आलं. थोरली राजकन्या मात्र फिरून रत्नागिरीलाच येऊन राहिली, आणि तिची लेक इथल्याच माणसांत, मराठी बोलत म्हातारी झाली.

हे आमच्या बायांना सांगा आणि मग बघा फोटो कोण काढतं. माहेर तुटणं म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. मी परतीच्या गाडीत सांगितलं तेव्हा आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिथं असतानी सांगतली असती तं त्या जिन्यावर घडीभर बसली असती मी." ते जिन्यावर बसणं त्या गाइडने आमच्याकडून घेतलं, असंच मला वाटतं. चिडचिड होते आठवलं की.

टिळक आळीत तेच. कौलारू घर, "२३ जुलै १८५६, लोकमान्य टिळकांचा जन्म, चला." आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या शिक्षेविरुद्ध दाद मागायला थेट विलायतेला गेले होते. एवढं एक वाक्य बोलला असता तर बसमधल्या अर्ध्या माना वर झाल्या असत्या. पतितपावन मंदिरातही तसंच. भागोजीशेठ कीरांनी १९३१ साली ते बांधून दिलं, सगळ्या जातींना उघडं म्हणून. त्याच्या चार वर्षं आधी अमरावतीत अंबादेवीच्या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून चळवळ उभी राहिली होती, पंजाबराव देशमुख त्यात होते. अंबादेवी म्हणजे आमच्या प्रत्येक बाईचं दैवत, नवरात्रात तिची ओटी भरल्याशिवाय आमचं पान हलत नाही. ही दोन देवळं कुणी एकत्र सांगितली असती तर ते रत्नागिरीचं देऊळ आमचं झालं असतं. पण त्यासाठी आधी विचारावं लागतं ना, की कुठून आलात!

बरं, आता थोडी शांत होते. कारण त्याच दिवशी चांगलंही घडलं, आणि ते यादीत नव्हतं.

ड्रायव्हरला बसचं काहीतरी काम निघालं आणि बस मिरकरवाड्याजवळ थांबली. गाइड फोनवर. आम्ही चार-पाच जणी उतरून जेट्टीकडे गेलो. मासळीचा वास सहन होईना, पदर नाकाला लावले होते, आमच्यातल्या दोघी तर माळकरी. एक वयस्क गृहस्थ जाळं पसरून बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा काठ अडकवलेला, हातात दोऱ्याची सुई, जाळ्याचं फाटलेलं घर विणत होते. त्यांनी मान वर करून पहिला प्रश्न विचारला, "कुठून आलात?"

बघा. पहिला प्रश्न.

आम्ही सांगितलं. कापूस, तूर, हरभरा. त्यांनी विचारलं, भाव कोण ठरवतं? आम्ही म्हटलं, व्यापारी. ते हसले, म्हणाले आमचंही तेच. मग सांगू लागले. जून आणि जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, तेव्हा जाळी दुरुस्त करायची, उधारी वाढवायची. आमच्या बाया म्हणाल्या, आमची पेरणी तेव्हाच, उधारी पण तेव्हाच. दोन्हीकडची माणसं एकाच पावसाची वाट बघतात हे मला तिथे कळलं, एवढी वर्षं शेती करून.

आत्याबाईंनी त्यांना विचारलं, "हे पानी मांगं जाते ते कोठी जाते?" सकाळी हाच प्रश्न त्यांनी गाइडलाही केला होता. त्याचं उत्तर एका शब्दाचं: "ओहोटी, मावशी." या गृहस्थांनी जाळं बाजूला ठेवलं. म्हणाले, आजी, चंद्र ओढतो पाण्याला. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आणि भरती कधी हे काढायला घड्याळ लागत नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला तीन.

आत्याबाई शाळेत चौथीपर्यंतच. पण पाऊणकी पाठ. बोटं दुमडत पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "मंग एकादशीले सव्वाआठ."

त्या गृहस्थांनी मोठ्याने हाक मारून पलीकडच्या माणसाला सांगितलं, अरे ह्या आजींना हिशेब जमला बघ, पाण्यापासून एवढ्या लांबच्या असून! आत्याबाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एकादशी त्या जन्मभर धरत आल्या आहेत. त्या तिथीला इकडे समुद्रात काय होतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. अजूनही एकादशीला सकाळी सव्वाआठला भगरीचं पातेलं उतरवताना म्हणतात, "भरली आता तिकडं."

म्हणून मला राग येतो. गाइडपाशी हे ज्ञान नव्हतं असं मला वाटत नाही. तो तिथलाच पोरगा होता, त्याच्या घरी कुणीतरी भरती मोजणारं असेलच. कुणीतरी त्याला सांगितलंय की गिऱ्हाइकाला हे नको असतं, गिऱ्हाइकाला पॉईंट हवे असतात. आणि आम्हीही तसेच वागतो, हेही खरं. अकरा म्हटलं की नऊपेक्षा अकरा बरे वाटतात, पैसे वसूल झाल्यासारखे. घरी आल्यावर शेजारीण विचारते, काय काय पाहिलं? मांडवीला बसून पाणी पाहिलं, असं सांगितलं तर ती म्हणते, बस?

चिखलदऱ्याला आमच्याकडचे जीपवालेही असंच करतात, भीमकुंड दाखवलं, गाविलगड बाहेरून दाखवला, चला खाली. त्यांनाही हे लागू आहे. खाली कमेंटमध्ये "आधी आपल्याकडचं बघा" लिहिणार असाल तर लिहू नका, मीच लिहिलं.

आणि एक गोष्ट मनावर दगड ठेवून कबूल करते. या टूर नसत्या तर आमच्या गटातल्या निम्म्या बाया घराबाहेर पडल्याच नसत्या. एकटीने जायचं तर नवरा विचारतो, सासरा विचारतो, मुक्काम कुठे, जेवण कुठे, सोबत कोण. बस, गाइड, सगळं ठरलेलं म्हटलं की परवानगी मिळते. म्हातारीला चढउतार करताना हात देणारं कुणी असतं. त्या पोराने आत्याबाईंना रत्नदुर्गाच्या पायऱ्यांवर हात धरून नेलं होतं, तेही खोटं नाही. म्हणून टूर बंद करा असं मी म्हणत नाही. आम्हाला गाइड हवाच आहे. पण असा, जो अकरा ठिकाणांतली पाच गाळेल आणि उरलेल्यांत आम्हाला बसू देईल. जो निघायच्या आधी पंचांग बघेल आणि भरतीच्या वेळेला आम्हाला समुद्रावर नेईल. मिरकरवाडा बसमधून दाखवणार असाल तर दाखवूच नका. खाली उतरवा, वास येऊ द्या, माणसांशी बोलू द्या.

दुपारी ग्रुपवर मी सरळ लिहिलं की ही टूर आपण घ्यायची नाही. दोघी-तिघी रुसल्या. एकीने लिहिलं, ताई, तुम्ही पाहून आल्या म्हणून तुम्हाला सोपं. बोचलं ते. खरंय तिचं. तिला समुद्र दाखवायची जबाबदारी आता माझ्यावर आली.

तर रत्नागिरीकडच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत कुणी असेल, बंदरावरचं, शाळेतलं, निवृत्त शिक्षक, कुणीही, जे आमच्या पंचवीसेक बायांसोबत एक दिवस चालेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. साधारण पौष-माघात येऊ, वेचणी आटोपल्यावर. जेवण शाकाहारी लागेल, चहा वरचेवर लागेल, दोन आजींसाठी रिक्षा लागेल. बाया प्रश्न फार विचारतात, तेवढी तयारी असावी. पैसे रोख देऊ, आणि दुकानाचं कमिशन जेवढं बुडेल तेवढं वर धरून देऊ.