जास्वंदीवर बसलंय, म्हणजे जास्वंद खातंय?

नमस्कार. तुमचा राग दोन गोष्टींवर दिसतो. तुम्ही पाठवलेल्या त्या हिरव्या किड्याच्या पिल्लाच्या फोटोखाली मी नुसतं 'कॅटिडिड (म्हणजे लांब मिशांचा नाकतोडा), फॅनेरोप्टेरिनी उपकुळ' लिहून थांबलो, फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपने मात्र तुम्हाला लगेच त्या उपकुळातलं 'स्कडेरिया' हे नेमकं नाव सांगितलं. आणि पिल्लू जास्वंदीवर असूनही नोंदीतला खाद्यवनस्पतीचा रकाना मी मोकळा ठेवला.

स्कडेरिया अमेरिका खंडातली. तुमच्या कराडच्या परसात ती कुठून येणार? मिशा अंगाहून लांब आणि केसाइतक्या बारीक, म्हणजे हा साधा आखूड मिशांचा नाकतोडा नव्हे, हे नक्की. पाठीवर पंखांचे कोंब आहेत, म्हणजे पिल्लू. मागच्या टोकाला वर वळलेलं कोयत्यासारखं पातं आहे, म्हणजे मादी. जात ठरवायची तर पंखांच्या शिरा, नराच्या मागच्या टोकाचे आकड्यासारखे अवयव, त्याचा आवाज, हे सगळं बघावं लागतं, आणि ते शेवटची कात टाकल्यावरच मिळतं. कधी तेवढ्यानेही भागत नाही. दक्षिण भारतातल्या मेकोपोडा या कॅटिडिडचे पूर्ण वाढलेले नर दिसायला सारखेच, पण त्यांची पाच वेगवेगळी गाणी अभ्यासकांनी २००६ मध्ये नोंदवली. मग पिल्लाच्या एका फोटोवरून काय बोलणार?

आता जास्वंद. या गटातली पिल्लं फुलांवर खूप सापडतात, पाकळ्या आणि परागकण खातात, त्यामुळे तुमचा अंदाज खरा असेलही. पण ही मंडळी बहुतेक रात्री चरतात, दिवसा कुठल्याही हिरव्या पानाला चिकटून बसतात. तुमच्या फोटोत पान अखंड, फूलही अखंड. आणि सगळे कॅटिडिड पाला खातात असंही नाही. भातातला कोनोसेफॅलस हा कॅटिडिड पानं कुरतडतो, तसा खोडकिड्याची अंडीही फस्त करतो!

बरणीत ठेवून जास्वंदीचं पान घालून बघू, असं तुम्ही लिहिलंय. उपाशी पिल्लू समोर येईल ते कुरतडतं, त्यावरून बागेत ते काय निवडतं हे कळत नाही. पाळायचंच असेल तर उंच जाळी घ्या, आत दोन-तीन झाडांच्या डहाळ्या ठेवा. कात टाकताना ते उलटं लटकतं, जागा अपुरी पडली तर पाय-पंख वाकडे होतात. टाकलेली कात जपून ठेवायचा बेत असेल तर लगेच उचला, नाहीतर तेच ती खाऊन टाकतं.

त्याआधी एकदा रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन त्याच झाडापाशी जा. तोंड पाकळीवर असतानाचा फोटो पाठवा, रकाना त्याच दिवशी भरतो.