गुगल असताना ग्रंथालय कशाला? एका फिरत्या मजकुराला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच. जगातली सगळी माहिती आता नेटवर आहे. ग्रंथपालाला जे शोधायला अर्धा तास लागतो, ते गुगल क्षणात देतं. उरलंसुरलं एआय मराठीत समजावून सांगतं. ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेची मुलं सोडली तर कुणी फिरकत नाही. कुठलं पुस्तक कुठल्या ग्रंथालयात आहे हेही घरबसल्या कळत नाही. तेव्हा सरकारने अनुदान बंद करावं आणि मोक्याच्या जागा मोकळ्या कराव्यात. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनीही तो ‘विचार करण्यासारखं आहे’ असं लिहून पुढे पाठवला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

हे ठाण्यात बोललं जावं याचं मला जास्त वाईट वाटतं. बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली १८५३ साली. त्याच्या तीन वर्षं आधी, १८५० मध्ये, इथे वाचनालय सुरू झालं होतं. तेच आजचं ठाणे नगर वाचन मंदिर. पुढे १८९३ मध्ये विशीतल्या वि. ल. भावे यांनी पुढाकार घेऊन मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केलं. मराठी पुस्तकं एका जागी जमवावीत आणि ती टिकवावीत, हा त्यामागचा ध्यास. पण जुनी संस्था आहे म्हणून ती चालू ठेवा, असं मी म्हणणार नाही. आज तिचा उपयोग काय, हाच प्रश्न आहे.

पहिला दावा: सगळं नेटवर आहे. नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६० च्या अखेरीस संपेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं बहुतेक मराठी लेखन याच कुंपणाच्या आत आहे. ते नेटवर फुकट सापडलं तर बहुधा चोरून टाकलेलं असतं. पूर्वी विकत मिळायचं त्यातलंही पुष्कळसं आवृत्ती संपल्यामुळे मिळेनासं झालेलं आहे. पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’चा, १९०९ सालचा. तेव्हापासून शेकडो अंकांत जे लेख, मुलाखती, कथा आल्या त्यांची सूची नेटवर एका ठिकाणी नाही. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत, मराठीवर लाखाच्या आसपास. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘सगळं नेटवर आहे’ असं वाटणं मी समजू शकते. मराठीतूनच शोधणाऱ्याच्या वाट्याला येणारं नेट फार लहान आहे.

आणि जे नेटवर आहे ते तिथेच राहील याचीही खात्री नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दाखवून दिलं की २०१३ साली नेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. ठाण्याच्या एखाद्या नाल्याची, पुलाची, मैदानाच्या आरक्षणाची पंधरा वर्षांपूर्वीची बातमी नेटवर शोधून बघा. दुवा मिळतो, पान मिळत नाही.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. पुष्कळ जुनी साधनं खरोखर नेटवर आली आहेत. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, आलं आहे, जुन्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आल्या आहेत. मग ग्रंथालय कशाला?

त्याचं उत्तर घणसोलीच्या एका कॉलेजच्या मुलाचं उदाहरण घेऊन देते. त्याला प्रकल्पासाठी सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, येण्यापूर्वीच्या आपल्या गावाची माहिती हवी होती. सिडकोची स्थापना १९७० ची आणि याच्या आजोबांची शेती संपादनात गेलेली. फोनवर गावाचं नाव टाकलं की भाड्याच्या वन बीएचकेच्या जाहिराती, स्टेशनचं वेळापत्रक आणि सेक्टरचे नकाशे. पानंच्या पानं तेच. त्याची चूक नव्हती. जे आज जास्त लोक शोधतात ते वर येतं, आणि घणसोलीत आज लोक घर शोधतात. ग्रंथपालांनी त्याला विचारलं, “तुला गोष्टी हव्यात की आकडे?” दोन्ही हवं म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की १९६१ आणि १९७१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय लोकसंख्या असते, कोण शेतकरी, कोण मजूर, कोण इतर कामात हेही असतं. मिठागरं, खाडी, भातशेती याबद्दल गॅझेटियर. आणि संपादनाविरुद्धच्या लढ्यासाठी जानेवारी १९८४ ची वर्तमानपत्रं, कारण उरणजवळच्या जासईचं शेतकरी आंदोलन तेव्हाचं आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेची पाळंमुळं तिथे.

त्याच्याबरोबर पनवेलची एक मुलगी होती. ती गॅझेटियरचा कुलाबा जिल्ह्याचा खंड शोधत होती, कारण पनवेल आज रायगडात आणि रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा. तर्क बरोबर होता. पण पनवेल आणि उरण १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं आणि ठाण्याचा खंड निघाला १८८२ मध्ये. म्हणून त्या भागाची माहिती ठाण्याच्या खंडात आहे. ही पुस्तकं नेटवर असून तिला सापडली नसती, कारण चुकीच्या खंडात शोधून ‘काहीच नाही’ असं समजून ती थांबली असती. माहिती कुठल्या कागदात असू शकते हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस लागतो. पुस्तक कपाटात असो की सर्व्हरवर.

दुसरा दावा वेगाचा. गुगल वेगवान आहे यात वादच नाही. गाडीची वेळ, दुकानाचा पत्ता, एखादं साल, यासाठी कुणी ग्रंथालयात जाऊ नये, मीही जात नाही. पण गुगल तुम्ही विचारलं त्याचं उत्तर देतं. पुष्कळदा आपल्याला काय विचारायचं हेच नीट माहीत नसतं. वाचकाला नेमकं काय हवं आहे ते ओळखून शोधून देण्याला ग्रंथालयशास्त्रात संदर्भ सेवा म्हणतात, आणि तिचा गाभा आहे वाचकाशी बोलणं.

नौपाड्यात, पाचपाखाडीत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा विषय घरोघरी आहे. एक निवृत्त गृहस्थ ग्रंथालयाच्या काउंटरवर आले आणि म्हणाले, “मॅडम, रीडेव्हलपमेंटचं चांगलंसं पुस्तक द्या.” मॅडमनी पुस्तक काढलं नाही.

“काका, सोसायटी रजिस्टर आहे का?”

“आहे. कधीचीच.”

“जमीन सोसायटीच्या नावावर झालीय?”

“तिथेच तर घोडं अडलंय. बिल्डर वारले. मुलं सही करत नाहीत.”

“म्हणजे तुम्हाला आधी डीम्ड कन्व्हेयन्सचं, बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं, बघायला हवं. पुनर्विकास त्याच्यानंतर.”

मग त्यांनी सदनिकांच्या मालकी हक्काचा १९६३ चा कायदा काढून दिला, त्यातलं कलम ११ दाखवलं, आणि बिल्डर किंवा त्याचे वारस हस्तांतरण करून देत नसतील तर अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात करायचा असतो हे सांगितलं. जागेचं मालमत्ता पत्रक आधी काढून ठेवा म्हणाल्या. काकांनी अर्ज कसा भरायचा असं विचारल्यावर स्पष्ट सांगितलं, “ते वकिलाला विचारा. तो सल्ला देणं माझं काम नाही.” आपली हद्द ओळखून बोललेलं हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

या काकांनी फोनवर शोधलं नव्हतं असं नाही. कित्येक आठवडे शोधत होते. वर आल्या त्या सल्लागारांच्या जाहिराती, ‘शंभर टक्के खात्री’ आणि खाली मोबाइल नंबर. सर्च कंपनीचं उत्पन्न जाहिरातींवर चालतं. तुम्ही कुठल्या दुव्यावर बोट ठेवता यात तिचा पैसा आहे. काउंटरमागच्या बाईंचा काकांनी कुठलं पान उघडलं यात एक रुपयाचाही संबंध नव्हता. वेगाची तुलना करणारे हा फरक मोजतच नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. काकांचे आठवडे गेले होते, इथे काम काही मिनिटांत मार्गी लागलं.

तिसरा दावा एआयचा आणि तो मला सगळ्यांत काळजीचा वाटतो. एआय मराठीत छान बोलतं, खरं आहे. अवघड कायद्याचा उतारा सोपा करून घ्यायला, एखादी संकल्पना समजून घ्यायला ते उपयोगी पडतं. पण ठाऊक नसलेली गोष्टही ते त्याच आत्मविश्वासाने सांगतं. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्स या अमेरिकन दैनिकाबरोबर आलेल्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी होती. त्यातली फक्त पाच पुस्तकं अस्तित्वात होती. उरलेल्या दहांचे लेखक खरे, शीर्षकं आणि कथानकं एआयने रचलेली. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला पाच हजार डॉलर दंड केला, कारण त्यांनी एआयने बनवलेले, कधीच न झालेले निकाल कोर्टात दाखले म्हणून दिले होते.

अमेरिकेत, इंग्रजीत, जिथे नेटवर मजकुराचा सुकाळ आहे तिथे हे घडलं. मराठीत ज्या विषयावर नेटवर चार ओळीही नाहीत, तिथे यंत्र कशाच्या आधारावर बोलणार? एखाद्या ग्रामदैवताच्या जत्रेबद्दल, एखाद्या गिरणी कामगार पुढाऱ्याबद्दल, जुन्या मासिकातल्या लेखाबद्दल विचारा आणि जे येईल ते पडताळून बघा. पडताळायचं कशावर? छापील अंकावर, राजपत्रावर, विश्वकोशाच्या खंडावर, म्हणजे पुन्हा ग्रंथालयातच. आणि ग्रंथपाल एक गोष्ट करू शकतो जी यंत्राला अजून नीट जमत नाही. तो ‘नाही’ म्हणतो. असं पुस्तक निघालेलं नाही, आमच्या नोंदवहीत नाही, सूचीत नाही. पीएचडी करणाऱ्या मुलाला हे ‘नाही’ वेळेवर मिळालं तर त्याचा प्रबंध वाचतो.

राहिला ‘तिथे फक्त अभ्यासाला मुलं बसतात’ हा आक्षेप. बसू देत की! किसननगरमध्ये किंवा कळव्याच्या डोंगरावर एका खोलीत पाच माणसं राहतात, तिथल्या मुलीने राज्यसेवेचा अभ्यास कुठे करावा? तिच्याकडे फोन आहे, नेटपॅक आहे. टेबल नाही, शांतता नाही, आणि तीनशे पानांची पीडीएफ सहा इंची पडद्यावर वाचता येत नाही. त्यात आता सगळे अर्जच ऑनलाइन झाले. आरटीईचा प्रवेश, अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती. नेट आल्यामुळे मदतीची गरज संपली, हे गृहीतकच चूक आहे. पूर्वी अर्ज हातात घेऊन कुणालाही विचारता यायचं. आता ओटीपी येतो, दाखला ठरलेल्या केबीत बसवावा लागतो, शेवटच्या दिवशी संकेतस्थळ लटकतं, आणि त्याच नावाच्या बनावट साइट पैसे मागतात. खरी साइट कुठली हे सांगणारा विश्वासाचा माणूस आणि एक चालू संगणक, इतकं मिळालं तरी एखाद्या घराचं वर्ष वाचतं. ऐरोलीत सेक्टर १५ मध्ये नवी मुंबई महापालिकेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे. तिथे ग्रंथालय आणि ई-लायब्ररी एकाच छताखाली आहेत. पुस्तक विरुद्ध इंटरनेट हे भांडण तिथे कुणी उकरत बसत नाही.

अनुदानाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखालची बहुसंख्य मान्यताप्राप्त ग्रंथालयं लोकांनी, संस्थांनी चालवलेली आहेत. सरकार वर्गवारीप्रमाणे अनुदान देतं, अ, ब, क आणि ड. ड वर्गातल्या ग्रंथालयाचं वर्षभराचं अनुदान एका माणसाला धड पगार द्यायलाही पुरत नाही. यातून करदात्याची किती बचत होणार?

मजकुरातली एक तक्रार मात्र रास्त आहे, आणि ती मी त्यांच्यापेक्षा जोरात करेन. अमुक पुस्तक ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्या ग्रंथालयात आहे, हे घरबसल्या एका ठिकाणी कळत नाही. पुष्कळ ठिकाणी यादी अजून रजिस्टरात किंवा कुणाच्या तरी डोक्यात आहे. तो माणूस निवृत्त झाला की ते ज्ञानही गेलं. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची ई-ग्रंथालय ही प्रणाली सरकारी ग्रंथालयांना मोफत मिळते, आणि कोहा ही ग्रंथालयांची प्रणाली तर मुक्त स्रोत आहे, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येते. म्हणजे सॉफ्टवेअरचा खर्च आडवा येत नाही. अडतं ते नोंदी बसवायला माणसं नाहीत म्हणून. ग्रुपवर एवढी संगणक जाणणारी मंडळी आहेत. तो मजकूर पुढे पाठवण्याऐवजी जवळच्या ग्रंथालयाच्या कार्यवाहांना भेटा, एका कपाटाच्या नोंदी करून देतो म्हणा. ऐतिहासिक आणि स्थानिक विषयांच्या कपाटापासून सुरुवात करा, ती पुस्तकं दुसरीकडे मिळत नाहीत.