शिकागोचे १८९ कोटी आणि सात लाखांचा फॉरवर्ड

शुक्रवारी रात्री, म्हणजे सांगलीत शनिवारची सकाळ असताना, बाबांचा फोन आला. "तुमच्या शिकागोला कोविडचे एवढे पैसे आले, माणशी सात लाख डॉलर वाटता आले असते, आणि ते फुकट्यांना महिन्याला पाचशे देतायत म्हणे. खरं का गं?"

बाबा एकतीस वर्षं नगरपालिकेच्या लेखा विभागात होते. बिलावर लेखाशीर्ष चुकीचं असलं तर फाईल परत जायची, मग आणणारा कोणी का असेना. अशा माणसाने बेरीज न तपासता हा मेसेज आपल्या निवृत्तांच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. त्यांना तो इथल्याच कुणाकडून गेला होता. आमच्या मराठी ग्रुपवर तो या आठवड्यात तीनदा येऊन गेलाय. म्हणून लिहिते आहे.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात. शिकागो शहराला कोविड मदतीचे १.९ ट्रिलियन डॉलर मिळाले. ते वाटले असते तर प्रत्येकाला सात लाख आले असते. त्याऐवजी सगळे पैसे काम न करणाऱ्यांना दरमहा ५०० डॉलर देण्यात आणि सीमा ओलांडून आलेल्यांवर उधळले. उरलेले पोलिसांच्या पगारात गेले. आता ३१ डिसेंबरला जे शिल्लक राहील ते पन्नास नगरसेवक आपसात वाटून घेणार. आणि एवढं करून शहराने तुमचा प्रॉपर्टी टॅक्स ३० कोटी डॉलरने वाढवला.

आधी आकडा, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

१.९ ट्रिलियन म्हणजे १ लाख ९० हजार कोटी डॉलर. एवढी रक्कम होती त्या अख्ख्या कायद्याची, अमेरिकन रेस्क्यू प्लॅनची, ज्यावर ११ मार्च २०२१ ला बायडन यांनी सही केली. घरोघरी आलेले १,४०० डॉलरचे चेक त्यात, बेकारभत्ता त्यात, शाळा त्यात, लशी त्यात. राज्यं, काउंटी, शहरं आणि आदिवासी सरकारं या सगळ्यांसाठी मिळून त्यातले ३५ हजार कोटी होते. आणि शिकागो शहराच्या वाट्याला आले १८८.७ कोटी. इंग्रजीत १.९ बिलियन. देशाची रक्कम १.९ ट्रिलियन, शहराची १.९ बिलियन. कुणीतरी दोन बातम्या वाचल्या आणि एक शब्द इकडचा तिकडे केला. हजारपटीची चूक आहे ही. २०२० च्या जनगणनेनुसार शिकागोची लोकसंख्या सुमारे साडेसत्तावीस लाख. भागाकार करा, माणशी ६८७ डॉलर येतात. एका महिन्याच्या घरभाड्यालासुद्धा पुरणार नाहीत. हा भागाकार फोनवर होतो, अर्ध्या मिनिटात होतो, आणि ग्रुपवरच्या दोनशेपैकी एकालाही तो करावासा वाटला नाही याचा मला मनापासून राग आहे. आपल्यातले निम्मे लोक रोज आकड्यांचंच काम करतात.

आता ते ५०० डॉलर. यावर जास्त लिहिणार आहे, कारण या मुद्द्याने काय नुकसान होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शहराने २०२२ मध्ये एक प्रायोगिक योजना राबवली. ५,००० कुटुंबं, दरमहा ५०० डॉलर, बारा महिने. पाच हजार गुणिले सहा हजार म्हणजे ३ कोटी. चालवण्याच्या खर्चासकट तरतूद होती ३.१५ कोटींची. १८८.७ कोटींतले ३.१५ कोटी, म्हणजे शंभरातले पावणेदोन डॉलरही नाहीत. "सगळे पैसे" हे असे आहेत.

आणि ते कुणाला? "काम न करणाऱ्यांना" असं मेसेज म्हणतो. अट अशी होती: शिकागोत राहणारी, अठरा वर्षांवरची व्यक्ती, कोविडमुळे आर्थिक फटका बसलेला, आणि घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीच्या आत. २०२२ च्या रेषेप्रमाणे चौघांच्या घरासाठी ही मर्यादा वर्षाला सुमारे ६९ हजार डॉलर होती. नवरा गोदामात कामाला आणि बायको दुकानाच्या काउंटरवर, असं घर यात सहज बसत होतं. काम करू नका अशी अट कुठेच नव्हती. २५ एप्रिल ते १३ मे, एवढ्या दिवसांत १ लाख ७६ हजारांहून जास्त अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. एका जागेमागे पस्तीस अर्ज. शहरात हात किती आखडले होते ते या एका आकड्यावरून कळतं.

आमच्या भागात डबे देणाऱ्या एक काकू आहेत. विद्यार्थ्यांना आणि एकट्या राहणाऱ्या मुलांना पोळीभाजी पोचवायच्या. मार्च २०२० मध्ये वसतिगृहं रिकामी झाली आणि चाळीस डब्यांचे सहा झाले. वर्षभर त्या सहाचे नऊ, नऊचे अकरा करत होत्या. मे २०२२ मध्ये मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यांचा अर्ज भरायला बसले होते. ओळखपत्राचा फोटो चढवून झाला होता. पत्त्याच्या पुराव्यासाठी त्यांनी गॅसचं बिल काढून ठेवलं होतं, त्याच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं. मी ते सरळ करून फोटो घेत होते, तेवढ्यात त्यांच्या फोनवर मेसेज आला. आत्ताचाच, फक्त तेव्हा त्यात बाकीचे मुद्दे नव्हते, पाचशे डॉलर आणि "फुकट्यांची यादी" एवढंच होतं. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "राहू दे गं. आपलं नाव नको त्या यादीत." मी समजावलं. पहाटे चारला उठून कणीक मळणाऱ्या बाईला मी सांगत होते की काकू, तुम्ही फुकट्या नाही. ते सांगताना मलाच कसंतरी झालं. त्यांनी बिल घडी घालून परत डब्यात ठेवून दिलं.

सोडतीत त्यांचा नंबर लागला असता असं मी म्हणत नाही, पस्तिसात एक ही शक्यता कमीच. पण अर्ज करण्याचा हक्क त्यांचा होता आणि तो या मेसेजने लाज घालून काढून घेतला. फॉरवर्ड करणाऱ्याला हे कधी कळणारही नाही.

एक मान्य करते. अर्ज करणाऱ्याच्या इमिग्रेशनच्या कागदांची अट या योजनेत नव्हती, शिकागोचा रहिवासी असणं पुरे होतं. ज्यांना ते पटत नाही त्यांनी तसं म्हणावं, तो मताचा प्रश्न आहे. पण मत आणि आकडा यांची भेसळ करू नये.

सीमा ओलांडून आलेल्यांवर सगळे पैसे गेले, हा पुढचा मुद्दा तारखेतच आपटतो. पैसे मंजूर झाले मार्च २०२१ मध्ये. त्यांतून कोणत्या नव्या योजना करायच्या ते ऑक्टोबर २०२१ च्या अंदाजपत्रकात ठरलं. सीमा ओलांडून आलेल्यांना घेऊन टेक्ससच्या गव्हर्नरांनी पाठवलेली पहिली बस शिकागोत पोचली ३१ ऑगस्ट २०२२ ला. मे २०२३ मध्ये नगरपरिषदेने या लोकांच्या निवाऱ्यासाठी ५.१ कोटी मंजूर केले, तेही शहराच्या आधीच्या वर्षातल्या शिलकीतून. इथे मात्र अर्धसत्य आहे आणि ते लपवून चालणार नाही. २०२३ मध्येच महापौर ब्रँडन जॉन्सन यांच्या प्रशासनाने कोविड मदतीतले सुमारे ९.५ कोटी याच कामाकडे वळवले, आणि ते फारसा गाजावाजा न करता वळवले, याबद्दल टीका झाली ती योग्यच होती. पण एकूण रकमेचे ते पाच टक्के. पाचाचे शंभर कसे झाले, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

पोलिसांचे पगार. ही बातमी खरी आहे, पैसे दुसरे आहेत. मार्च २०२० मधल्या केअर्स या आधीच्या कोविड-मदत कायद्याच्या पैशांतून तत्कालीन महापौर लोरी लाइटफूट यांनी २८ कोटींहून जास्त रक्कम पोलिसांच्या पगाराला लावली आणि २०२१ च्या सुरुवातीला त्यावरून शहरात मोठा वाद झाला. मेसेजमध्ये दोन कायद्यांची खिचडी आहे.

मग १८९ कोटी गेले कुठे? याचं उत्तर शोधायला कुणाच्या मागे लागावं लागत नाही. अडीच लाखांहून जास्त वस्तीच्या प्रत्येक शहराने दरवर्षी ३१ जुलैपर्यंत या निधीचा अहवाल अमेरिकेच्या अर्थखात्याला द्यायचा आणि लोकांसाठी खुला ठेवायचा, असा नियमच आहे. शिकागोचा अहवाल कुणीही उघडून वाचू शकतं. ढोबळमानाने हिशेब असा: सुमारे १३२ कोटी बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून शहराच्या अंदाजपत्रकात गेले आणि सुमारे ५६.७ कोटी नव्या योजनांसाठी ठेवले. हॉटेलं बंद, नाटकं बंद, अधिवेशनं रद्द, डाउनटाउन ओस. त्यांच्यावरचा कर बुडाला, आणि कचरा उचलणं, आग विझवणं तर थांबत नाही. नव्या योजनांच्या पैशांत शहराने कर्जरोख्यांची ६६ कोटींची भर घातली आणि मानसिक आरोग्य, बेघरांना घरं, हिंसाचार रोखणं, लहान दुकानदारांना अनुदान, पाच वर्षांत ७५ हजार झाडं अशी यादी केली.

खरी तक्रार करायची तर इथे जागा आहे. शंभरातले सत्तर डॉलर खड्डा बुजवण्यात गेले. एकदाच मिळणारा पैसा दरवर्षीच्या खर्चाला लावला की तो संपल्यावर खड्डा तिथेच असतो, आणि २०२५ च्या अंदाजपत्रकात शहरापुढे जवळपास ९८ कोटींची तूट उभी राहिली त्यात या मदतीच्या संपण्याचाही हात आहे. शिवाय तो पैसा सर्वसाधारण निधीत एकदा पडला की त्यातला कुठला डॉलर पोलिसाच्या पगाराला लागला आणि कुठला रस्त्यावरच्या दिव्याला, हे वेगळं काढून दाखवणं सामान्य माणसाला अवघडच. हे विचारायला हवं. मेसेज यातलं एक अक्षर विचारत नाही.

३१ डिसेंबरचं तर बाबांना मी फोनवरच सांगितलं. "बाबा, हा आपला ३१ मार्च आहे." त्यांना लगेच कळलं. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत पैसे करारात बांधायचे, कार्यादेश निघाले पाहिजेत. प्रत्यक्ष बिलं चुकती करायला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत. करारांच्या मुदतीपर्यंत जे बांधलेलं नसेल ते वॉशिंग्टनला परत जातं, कुणा नगरसेवकाच्या खिशात नाही. नगरसेवकांना वाटपाची गोष्ट बहुधा इथल्या 'मेन्यू मनी'वरून उचलली असावी. प्रत्येक वॉर्डाला वर्षाला १५ लाख डॉलर मिळतात, रस्ते, फुटपाथ, दिवे यांसाठी. तो पैसा कर्जरोख्यांचा, कोविडच्या आधीपासूनचा.

प्रॉपर्टी टॅक्सवर दोनच वाक्यं. महापौरांनी ३० कोटींची वाढ सुचवली होती, १४ नोव्हेंबर २०२४ ला नगरपरिषदेने ती ५० विरुद्ध ० मतांनी फेटाळली, आणि १६ डिसेंबरला २७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात ती नाही. आणि "तुमचा टॅक्स" म्हणून हा मेसेज नेपरव्हिल आणि शॉमबर्ग या शहराबाहेरच्या उपनगरांच्या ग्रुपांवर फिरतोय, जिथले लोक शिकागो शहराला हा कर भरतच नाहीत!

"मग हे पैसे पेन्शन फंडात का नाही टाकले?" असं एका ज्येष्ठांनी मेसेजखाली विचारलं होतं. प्रश्न सभ्य होता म्हणून उत्तर देते: कायद्यानेच बंदी आहे. पेन्शन फंडात भर टाकायची नाही, आणि अर्थखात्याच्या नियमांनुसार या पैशातून जुनी कर्जं फेडायची नाहीत, गंगाजळीतही ठेवायची नाही. मे २०२१ च्या नियमांत ते होतं, जानेवारी २०२२ च्या अंतिम नियमांत कायम राहिलं.

बाबांनी त्यांच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली आहे. "आकडा हजारपटीने चुकीचा आहे, पुढे पाठवू नये" एवढंच लिहिलंय, खाली पूर्ण नाव आणि निवृत्त लेखापाल. मला म्हणाले, तो अहवाल मोठ्या अक्षरात छापून पाठव. १३२ कोटींच्या पानावर ते थांबणार आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली किती खर्ची पडले असं विचारणार, हे मला आत्ताच माहीत आहे. तेवढं बारीक मला सांगता येत नाही. जानेवारीत वॉर्डाच्या बैठकीला मी तोच प्रश्न घेऊन जाते आहे, आणि काकूंना बरोबर नेते आहे.