सायलेन्सर बदलला, आता जेट कितीचा टाकू?

पप्याची क्लासिक 350 म्हणजे 2018 चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. जेट म्हणजे त्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक; मूठ (ॲक्सिलेटर) मोठी पिळली की मेन जेट, सोडली की आयडलचा. तिला इंदोरी सायलेन्सर बसवल्यापासून ॲक्सिलेटर सोडला की फटाके फुटतात. लातूरला रेणापूर नाक्याच्या कट्ट्यावर मंडळी जमली होती: गॅरेजवाले मामा, आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकवणारे सर, ड्यूक 390 वाला सोन्या, आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला पप्या.

"मामा, मेन जेट 120 चा मागवूलालाव. यूट्यूबवर समदे तेच सांगूलालेत."

"कुणाच्या गाडीला सांगूलालेत?"

"बुलेटला की."

"कसला फिल्टर हाय तिला? कुठल्या गावची हवा? पेट्रोल कवाचं? आन आधी मला सांग, गाडी फटाके कवा मारती? ओढताना का सोडल्यावर?"

"सोडल्यावर. उतारावर तर लईच."

"मग मेन जेटचा संबंधच काय रं? मूठ बंद हाय, सुई खाली बसलीय, मेन जेटमधून थेंब येईना. अन तू त्याच्यावर पैसे घालूलालास."

वादाला खरं तोंड इथं फुटलं, कारण सोन्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं असं की, सायलेन्सर मोकळा केला की इंजिन जास्त हवा घेतं, हवा वाढली की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, म्हणून जेट वाढवायचाच. हे सगळीकडं असंच सांगतात आणि ऐकायला सरळ वाटतं.

सरांनी त्यालाच पकडलं. "कार्बोरेटरचं तत्त्व काय? व्हेंच्युरीतून, म्हणजे त्याच्या अरुंद गळ्यातून, हवा जोरात गेली की तिथला दाब पडतो, आणि त्या ओढीनं पेट्रोल वर येतं. हवा वाढली तर ओढ वाढते, पेट्रोलही वाढतं. म्हणजे सायलेन्सरमुळं जी काही हवा वाढली, तिच्यातला मोठा वाटा कार्बोरेटर स्वतःच सांभाळतो. फिल्टरचा हवेचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला तर गोष्ट वेगळी. फ्लोटचा बाउल, म्हणजे पेट्रोल साठायची वाटी, बाहेरच्या हवेला उघडा असतो. डबा आणि त्याचं तोंड हवेला अडवतात, त्यामुळं कार्बोरेटरच्या तोंडापाशीच थोडी ओढ तयार असते आणि ती जेटला मदत करते. डबा काढला की हवा वाढली आणि ती मदतही गेली. तिथं मेन जेट लागतो, आणि एका नंबरनं भागत नाही."

"मग सायलेन्सर किटसोबत जेट का देतेत?" सोन्या.

"कारण कंपनीनं प्रदूषणाच्या नियमासाठी गाडी आधीच लीनच्या कडेला आणून ठेवलेली असते, खास करून आयडल (मूठ सोडून इंजिन नुसतं चालू) आणि कमी मुठीला. सायलेन्सर थोडा जरी मोकळा झाला तरी ती कडेवरून घसरते. शिवाय एक्झॉस्टची लाट परत येण्याची वेळ बदलते, त्यामुळं एखाद्या ठरावीक आरपीएमला खड्डा पडतो, म्हणजे जोर कमी होतो. पण तो खड्डा जेटनं भरत नाही. जेट वाढवला तर खड्ड्याच्या अलीकडं-पलीकडं गाडी रिच होते, म्हणजे पेट्रोल जास्त होतं."

मामांचं तोपर्यंत सायलेन्सरच्या जोडाकडं लक्ष गेलं होतं. हेडला बेंड पाइप बसतो तिथं काळी काजळी पसरलेली. मामा म्हणाले, सायलेन्सर बदलताना जुनीच पॅकिंग परत बसवली असणार. ही रिंग एकदा दाबली गेली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. थंड इंजिन चालू करून जोडावर साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे येतात, पाइप तापायच्या आधी दोन मिनिटांत बघायचं. मूठ सोडल्यावर पाइपमध्ये दाबाची लाट खालीवर होते, अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडल जेटचं अर्धवट जळालेलं पेट्रोल तिथं तापलेल्या पाइपात हवेला भेटतं आणि पेट घेतं.

"अन दुसरं," मामा म्हणाले, "हेडमधी हवा सोडणारा व्हॉल्व हाय का बघ. बीएस थ्री, बीएस फोरच्या लई गाड्यांना असतो. धूर जाळायला एक्झॉस्टमधी ताजी हवा सोडतो. त्याची रबरी नळी पक्कडीत कापड धरून हळूच दाब, अन उतारावर गाडी सोड. फटाके थांबले तर चोर घावला."

"व्हॉल्व बंद करून टाकू का?"

"तपासायपुरतं दाब म्हणालाव. कायमचं बंद करू नको. पीयूसीला तूच जाणार हायस."

सरांनी यात भर घातली ती मला महत्त्वाची वाटते. फटाके नवे नसतीलही. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये जाळ्या आणि कप्पे असतात, तिथं हा आवाज मुरतो. इंदोरीच्या पोकळ नळीत तो थेट कानावर येतो. म्हणजे काही फटाके आधीपासूनचेच, आता फक्त ऐकू यायला लागले. जेटच्या मागं लागून ते सगळे संपवायचा हट्ट धरला तर शेवटी गाडी काळा धूर ओकते.

लीक बंद झाल्यावर पुढचं आयडल. इथं मामा आणि सर एका बाजूला, बाकी दोघं गोंधळलेले. गोंधळ असा की, आयडलचं मिश्रण ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू एकजण म्हणतो आत घातला की रिच, दुसरा म्हणतो बाहेर काढला की रिच. दोन्ही बरोबर. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत घातला की हवा कमी, मिश्रण रिच. स्क्रू इंजिनाच्या बाजूला, स्लाइडच्या (वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) पुढं असेल तर तो मिश्रणाचा. बाहेर काढला की रिच. पप्याच्या सीव्ही कार्बोरेटरला (यात सुईचा पिस्टन मूठ नव्हे, इंजिनाची ओढ उचलते) तो इंजिनाच्या बाजूला आहे. अशा गाड्यांना कंपनी स्क्रूवर बहुधा पितळी टोपी ठोकते. टोपी काढायची तर 3 मिमीचं ड्रिल हातानं, अगदी हलकं. टोपी फुटली की थांबायचं, नाहीतर खालच्या स्क्रूची खाच जाते. मग पत्र्याचा स्क्रू त्यात फिरवून ओढायचं. आत स्प्रिंग, बारीक वायसर आणि ओ-रिंग असते, आणि ओ-रिंग बाहेर न येता भोकातच चिकटून राहते. ती हरवली किंवा चिरली तर हवा लीक होते, आणि कितीही आटे सोडा, गाडी आयडलला एका जागी थांबत नाही.

पद्धत मामांनी सांगितली ती अशी. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून गरम करायची. स्क्रू बोटांच्या जोरावर हलकेच टेकेपर्यंत आत. ताकद लावली तर टोक आणि त्याची जागा दोन्ही जातात. तिथून दोन आटे बाहेर. आता पाव-पाव आटा फिरवून आयडल जिथं सगळ्यात वर चढतं ती जागा शोधायची, आणि आरपीएमच्या स्क्रूनं परत नेहमीच्या जागेवर आणायचं. सगळ्यात वरची जागा एक आट्याच्या आत सापडली तर पायलट जेट, म्हणजे आयडलचाच जेट, मोठा आहे, तीन आट्यांच्या पुढं गेली तर लहान. मग पायलट जेट एक पायरी, म्हणजे 2.5 नं बदलायचा. पप्याच्या गाडीला बहुधा एवढ्यावरच भागेल, असा मामांचा अंदाज.

"अन मधल्या मुठीला घुटकूलालीय त्याचं?" पप्यानं विचारलं. पन्नास-साठच्या वेगात एकसारखी मूठ धरली की गाडी झटके देते म्हणे.

ते सुईचं काम, म्हणजे पेट्रोलच्या वाटेत वर-खाली होणाऱ्या निमुळत्या सुईचं. पाव मुठीपासून पाऊण मुठीपर्यंत सुई बोलते. जुन्या कार्बोरेटरला सुईवर खाचा असतात. सुईचं लॉक (क्लिप) एक खाच खाली सरकवलं की सुई वर उचलली जाते, गाडी रिच. सीव्हीच्या बऱ्याच सुयांना एकच खाच, तिथं लॉकखाली 0.5 मिमीचा वायसर टाकायचा. एकच. दोन टाकले की ॲव्हरेज गेलंच. डायफ्रामचं रबर काढताना नखानं ओढलं आणि बारीक भोक पडलं तर पिस्टन पूर्ण वर जात नाही, गाडी साठला अडते. अशा गाडीत लोक मेन जेट बदलत बसतात, आणि भोक तसंच राहतं.

मेन जेट खरंच बदलायचा का, हे ओळखायच्या दोन सोप्या परीक्षा सरांनी सांगितल्या. मोकळ्या सरळ रस्त्याला, वरच्या गिअरमध्ये पूर्ण मूठ द्यायची आणि हलकीशी सोडायची. सोडल्यावर गाडीनं जोर धरला तर मेन जेट कमी पडतोय. घुटकली, जड झाली, तर जास्त आहे. दुसरी परीक्षा, एकसारख्या वेगात चोक किंचित ओढायचा: गाडी सुधारली तर त्या मुठीला लीन, बिघडली तर रिच. मुठीवर पांढरी टेप लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करायच्या, म्हणजे नेमकं कुठं घुटकते ते कळतं. नाहीतर प्रत्येकाचं "अर्धी मूठ" वेगळं असतं.

प्लगवरून मात्र जुंपलीच. मामांचं चाळीस वर्षांचं शास्त्र: प्लग विटकरी तर गाडी बरोबर, पांढरा तर लीन, काळा तर रिच. सर म्हणाले, बिनशिशाच्या पेट्रोलवर तो विटकरी रंग नीट येतच नाही. आणि गावातून सिग्नल खात आलेल्या गाडीचा प्लग काढला तर आयडलचाच रंग दिसतो, मेन जेटचा नव्हे. खरं बघायचं असेल तर नवा प्लग बसवा, पूर्ण मूठ देऊन सरळ रस्त्याला एक-दीड किलोमीटर पळवा, मूठ तशीच ठेवून किल स्विच आणि क्लच एकाच वेळी दाबा, तिथंच थांबून प्लग काढा. टोकाचा रंग सोडून द्या, चिनी मातीच्या अगदी तळाशी काजळीची कडी शोधा.

"एवढं कोण करतंय वो सर?"

"जे 120 चा जेट मागवतेत त्यांनी करावं."

यावर मामांनी तोंड वळवलं. प्लगचा मुद्दा तसाच राहिला.

पेट्रोलचा विषय सोन्यानंच काढला, आणि तिथं त्याचं बरोबर होतं. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं 14.7 भाग हवा लागते. 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल 13.5 च्या आसपास मागतं, आणि 10 टक्केवालं 14.1 च्या. म्हणजे कार्बोरेटर तोच, जेट तोच, तरी जुन्या पेट्रोलच्या मानानं गाडी जवळपास 8 टक्के लीन. फ्युएल इंजेक्शनला हे सेन्सर ओळखतो. कार्बोरेटरला कोण सांगणार? "आपल्याच कारखान्याचा ऊस," मामा म्हणाले, "आपल्याच गाडीला लीन करूलाला." सरांनी त्यात हवामान जोडलं: लातुरात मे महिन्याच्या 42 अंशांपेक्षा डिसेंबरच्या 12 अंशांत हवा 10 टक्के घट्ट असते. त्यातला निम्मा फरक कार्बोरेटर भरून काढतो, बाकी 5 टक्के राहतो. म्हणून भर उन्हाळ्यात दुपारी काठावर सेट केलेली गाडी थंडीत पहाटे चोक सोडू देत नाही. माझ्या मते या दोन गोष्टी मिळून सायलेन्सरपेक्षा जास्त वजनाच्या आहेत, आणि त्यांचं कुणी नाव घेत नाही.

आता 120 चा हिशेब, आधीचा जेट 110 चा धरून. जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा असेल, म्हणजे 110 म्हणजे 1.10 मिमी, तर 112.5 ला भोकाचं क्षेत्रफळ साडेचार टक्के वाढतं, 115 ला नऊ, आणि 120 ला एकोणीस. नुसत्या सायलेन्सरला एकोणीस टक्के पेट्रोल कुणी मागत नाही. मिकुनीच्या सहाकोनी जेटवर आकडा प्रवाहाचा असतो, तिथं हिशेब सरळ, पण दोन जातींचे जेट एकमेकांशी आकड्यानं जुळवायचे नाहीत. तार घालून भोक मोठं करणारेही आहेत. 1.10 चं 1.15 करायचं म्हणजे 0.05 मिमी, तारेनं ते गोल राहतच नाही, एका बाजूला ओरखडा पडतो, आणि परत मागं यायला वाट नाही.

सोन्याच्या ड्यूकचा प्रश्न वेगळा. त्याच्या बेंड पाइपाला ऑक्सिजन सेन्सर आहे. आयडलला आणि एकसारख्या वेगात तो ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगून मिश्रण दुरुस्त करतो. पूर्ण मुठीला ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, मॅपवर, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या आकड्यांवर, चालतो. त्यामुळं नुसत्या एंड कॅनला, म्हणजे शेवटचा डबाच बदलला तर, काही लागत नाही. पण सेन्सरच्या आधी पाइपाला लीक असेल तर बाहेरची हवा सेन्सरवर जाते, त्याला वाटतं गाडी लीन आहे, आणि ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो. प्लग काळा, ॲव्हरेज खाली, आणि मालक म्हणतो ट्युनिंग करा. आधी पॅकिंग बदला म्हणावं. पूर्ण सिस्टीम आणि फिल्टर दोन्ही बदलले तर ईसीयूला जोडून पेट्रोल बदलणारा पिगीबॅक घ्यावा, पण हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड मीटर लावून सेट करणारा माणूस असेल तरच. दुसऱ्याच्या गाडीचा मॅप टाकणं म्हणजे यूट्यूबवरचा 120 चा जेटच.

"समदं झालं, पण ह्या आवाजाला नाक्यावर धरलं तर?" पप्याला उशिरा आठवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि प्रदूषणाच्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, शिवाय लायसन्स तीन महिने जातं. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात ते सगळ्यांनी बघितलेले.

मामांनी चिठ्ठी लिहून दिली: हेडची पॅकिंग रिंग एक, मिश्रणाच्या स्क्रूची ओ-रिंग एक, 0.5 चा वायसर एक, नवा प्लग.

"अन जेट?"

"मागवलाच असशील तर 112.5 चा बदलून घे. लागला तर बघू. कोन फिल्टर टाकणार असशील तर आत्ताच सांग, मंजी ही चिठ्ठी फाडून दुसरी लिहितो."